मोटारीच्या इंजिनाची क्षमता : थोडक्या खर्चात ती किती वाढते आणि कशी वाढते
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि आरोग्य अशा विषयांवर विद्वानांची भाषणे ज्या व्यासपीठावरून झाली, तेथेच मोटारीच्या इंजिनावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. त्यातून मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही, कलाशाखेचा आहे. परंतु आजच्या विषयाला पदवीपेक्षा त्रैराशिक अधिक लागते, आणि ते आपणा सर्वांना शाळेत गुरुजींनी छडी दाखवून शिकवलेले आहे. तेवढ्या भांडवलावर हा विषय मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

विषय निवडण्याचे कारण आपल्याच मंडळात आहे. मंडळाची स्थापना झाली त्या सुमारास, म्हणजे १९७५-७६ साली, घेतलेल्या दोन-तीन अ‍ॅम्बॅसडर गाड्या आजही आपल्या सभासदांच्या दारात उभ्या आहेत. आग्रा–मुंबई रस्त्याने चंबळ ओलांडून, सेंधव्याचा बिजासन घाट उतरून धुळे-नाशिककडे गेलेल्या ह्या गाड्या. मुंजी, लग्ने आणि गावाकडची देवकार्ये ह्यांनी पाहिली. आता त्या दमल्या आहेत. चढावर धापा टाकतात, पाच माणसे आणि सामान घेतले की दुसऱ्या गियरच्या पुढे जाण्यास नाखूष असतात. तेव्हा घरातील तरुण मंडळी विचारतात, “नवी गाडी तर परवडत नाही, आणि ही मोडीत काढवत नाही. मग हिचेच इंजिन थोडक्या खर्चात मोठे करता येईल का?” ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु त्या ‘होय’चे माप किती, हे समजल्यावाचून खिशात हात घालू नये.

प्रथम ‘मोठे इंजिन’ म्हणजे काय ते पाहू. इंजिनात सिलिंडर असतात आणि प्रत्येकात एक पिस्टन, ज्याला आपल्या शालेय पुस्तकांत दट्ट्या म्हणत, वर-खाली धावत असतो. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो, तेवढी त्या सिलिंडरची क्षमता. सर्व सिलिंडरांची बेरीज केली की इंजिनाची क्षमता मिळते. ती आपण घनसेंटिमीटरांत, म्हणजे सी.सी.त सांगतो. घरातील धान्याचे मापटे डोळ्यांपुढे आणावे. मापट्यात अधिक धान्य मावावयास हवे असेल तर दोनच उपाय: त्याचे तोंड रुंद करा, नाही तर त्याची उंची वाढवा. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरचा व्यास वाढवा, अथवा पिस्टनची धाव वाढवा. तिसरा उपाय सिलिंडरांची संख्या वाढविण्याचा. तो अर्थातच कारखानदाराचा, आपला नव्हे.

आता त्रैराशिक. अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचांपेक्षा एक अष्टमांश इंच अधिक. धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. व्यास सेंटिमीटरांत घेऊन त्याचा वर्ग केला तर ५३.३३ येतात, त्याला ०.७८५४ ने गुणले की ४१.८८ चौरस सेंटिमीटर हे सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ, त्याला ८.८९ ने गुणले की सुमारे ३७२ घनसेंटिमीटर. सिलिंडर चार, म्हणून एकूण १४८९ सी.सी. गाडीच्या नोंदणीपुस्तकात जो आकडा आपण वर्षानुवर्षे वाचत आलो, तो असा येतो. ह्या हिशेबात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्यासाचा वर्ग होतो, धावेचा होत नाही. व्यास एक टक्का वाढला तर क्षमता सुमारे दोन टक्के वाढते. धाव एक टक्का वाढली तर क्षमता एकच टक्का वाढते.

धाव वाढविणे खर्चाच्या दृष्टीनेही महाग. धाव ठरते ती क्रँकशाफ्टच्या बांधणीवर. ती तीन मिलिमीटरांनी वाढवावयाची झाली तर दुसरा क्रँकशाफ्ट हवा, किंवा असलेलाच क्रँकशाफ्ट मध्यबिंदू सरकवून घासून घ्यावयास हवा. तेवढ्यानेही भागत नाही. वाढलेल्या धावेतील निम्मी, म्हणजे दीड मिलिमीटर, वरच्या बाजूस जाते. म्हणजे पिस्टन हेडला भिडू नये म्हणून निराळ्या उंचीचा पिस्टन अथवा आखूड कनेक्टिंग रॉड शोधावा लागतो. एवढा खटाटोप करून पदरात काय पडते? सुमारे ५० सी.सी. हा मार्ग शर्यतीच्या शौकिनांचा आहे. पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक मंडळींचा नव्हे. तेव्हा आपला मार्ग राहिला तो व्यासाचा, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ‘रीबोर’ म्हणतात त्याचा.

ह्या इंजिनाच्या जन्मदात्यांनीही हाच मार्ग धरला होता, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आपल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून १९५७-५८ साली अ‍ॅम्बॅसडर काढली. प्रारंभी तिला १४७६ सी.सी.चे बाजूच्या व्हॉल्व्हचे इंजिन होते. १९५९ च्या सुमारास वरच्या व्हॉल्व्हचे १४८९ सी.सी.चे इंजिन आले. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील. ह्या घराण्यातील थोरले भावंड १२०० सी.सी.चे, त्याचा व्यास ६५.४८ मिलिमीटर. मग आले आपले १४८९ सी.सी.चे. त्यानंतर एम.जी. नावाच्या चपळ गाड्यांसाठी १९५९ साली १५८८, १९६१ साली १६२२ आणि १९६२ साली १७९८ सी.सी. अशी वाढ होत गेली. व्यास ७५.४ झाला, मग ७६.२ झाला, शेवटी ८०.२६ मिलिमीटर झाला. आश्चर्य असे की ह्या सर्व भावंडांची धाव एकच राहिली : ८८.९ मिलिमीटर. मापट्याची उंची कायम ठेवून तोंड तेवढे रुंद करीत करीत कारखान्याने १२०० चे १८०० केले. नवा आराखडा, नवी यंत्रसामग्री, नवे साचे ह्यांवरील अफाट खर्च त्यांनी वाचविला. काटकसर ही केवळ आपल्या मध्यमवर्गाची मिरास नाही!

परंतु येथे घाईने निष्कर्ष काढू नये. “१४८९ चे १७९८ त्यांनी केले, मग आपला मिस्त्री का करणार नाही?” असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर ओतकामात आहे. कारखान्याने नुसते सिलिंडर कोरले नाहीत; ब्लॉकचे ओतकामच बदलले. १७९८ सी.सी.च्या ब्लॉकमध्ये शेजारशेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडून टाकल्या, त्यांच्यामधून पाणी खेळण्याची वाट काढून टाकली, आणि तेव्हाच एवढा व्यास मावला. पुढे १९६४ साली त्याच इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांऐवजी पाच बेअरिंगांवर तोलला गेला. आपल्या ब्लॉकमध्ये बिडाच्या भिंतीपलीकडे पाणी आहे. ती भिंत जेवढी जाड ओतली गेली, तेवढ्यातच आपला खेळ. भिंत कोरून पातळ करता येते; बाहेरून जाड करता येत नाही.

मग गॅरेजमध्ये किती वाढ शक्य आहे? येथे मोजमाप ‘थाउ’त चालते, एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर थोडा कोरून गुळगुळीत करावयाचा आणि त्यात तेवढाच मोठा, म्हणजे ‘ओव्हरसाइज’ पिस्टन घालावयाचा, ही रीत मोटारीइतकीच जुनी आहे. हिशेब पाहा. १० थाउ कोरले तर १४८९ चे जेमतेम १५०० होतात. अगदी काटेकोर सांगावयाचे तर १४९९.७. २० थाउला १५१०, ४० थाउला १५३१, आणि ६० थाउला १५५२ सी.सी. होतात. म्हणजे पार ६० थाउपर्यंत गेलो तरी वाढ ६३ सी.सी.ची, शेकडा सव्वाचारांहूनही किंचित कमी.

ह्या सव्वाचार टक्क्यांचा अर्थ काय, ते गाडीच्या भाषेत पाहू. इंजिनाला हवा आणि इंधन पुरेसे मिळाले तर त्याचा जोर क्षमतेच्या प्रमाणात, फार तर तेवढाच, वाढतो. रिकाम्या अ‍ॅम्बॅसडरचे वजन अकराशे किलोच्या आसपास. पाच माणसे, डिकीत ट्रंका, आणि गावाकडून येताना तांदळाचे पोते धरले तर पंधराशे किलो सहज होतात. त्याचे सव्वाचार टक्के म्हणजे ६३ किलो. म्हणजे ६० थाउ कोरून जो फायदा चढावर मिळेल, तो एका मामांना रेल्वेने पुढे पाठवून दिल्यानेही मिळतो! आणि त्याला रीबोर लागत नाही.

आपण हसलात, परंतु ह्यात निराश होण्याचे कारण नाही. खरा मुद्दा पुढेच आहे. पन्नास वर्षे चाललेल्या इंजिनाचे बळ कमी झालेले असते ते क्षमता कमी पडल्यामुळे नव्हे, ते झिजेमुळे. सिलिंडर वरच्या टोकाशी, जेथे रिंगा वळतात आणि उष्णता अधिक असते, तेथे सर्वांत जास्त झिजतो. तो गोल राहत नाही आणि सरळही राहत नाही. वर रुंद, खाली अरुंद असा होतो. रिंगांच्या कडेने दाब निसटतो, तेल वर चढते, निळा धूर निघतो. ह्या गळतीत जो जोर वाया जातो तो सव्वाचार टक्क्यांहून कितीतरी अधिक असू शकतो. रीबोर केल्याने ही गळती थांबते. गाडीला जी नवी उभारी आल्यासारखी वाटते तिचे श्रेय बहुतांशी ह्या दुरुस्तीचे, वाढलेल्या सी.सी.चे अगदी थोडे. म्हणून माझे पहिले सूत्र असे : क्षमता वाढविण्यासाठी रीबोर करू नये, रीबोर करण्याची वेळ आली असेल तर क्षमतेची थोडी वाढ फुकट मिळते, ती आनंदाने घ्यावी.

रीबोरची वेळ आली की नाही हे ओळखण्यासाठी इंजिन उघडण्याचीही गरज नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. एखाद्याचा दाब कमी आढळला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या छिद्रातून सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती रिंगा आणि सिलिंडर ह्यांतून आहे. वाढला नाही तर ती व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट ह्यांतून असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या प्रकारात नुसते हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले तरी काम भागते आणि फार मोठा खर्च वाचतो. ह्या तपासणीला तासभरही लागत नाही. गॅरेजमध्ये गाडी लावल्याबरोबर “साहेब, रीबोर करावेच लागेल” असे ऐकू आले, तर आधी ही तपासणी आपल्यासमोर करावयास सांगावे.

रीबोर करावयाचेच ठरले, तर किती थाउ? येथे दुसरे सूत्र : सिलिंडर पूर्ण गोल आणि स्वच्छ होण्यास जेवढे कमीत कमी कोरावे लागेल, तेवढेच कोरावे. २० थाउने काम होत असेल तर ४० ची हाव धरू नये. कारण २० ते ४० मधली वाढ अवघी २१ सी.सी.ची; परंतु तेवढ्यासाठी पुढच्या पिढीचा एक रीबोर आपण आजच खर्च करून टाकतो. ६० थाउला प्रत्येक बाजूची भिंत पाऊण मिलिमीटरने पातळ होते. ओतकाम करताना साचा किंचित सरकलेला असेल तर एक बाजू मुळातच पातळ असते, आणि बाहेरून ते डोळ्यांना दिसत नाही. ध्वनिलहरींनी जाडी मोजणारी उपकरणे आता मिळतात. ४० च्या पुढे जाण्याआधी तशी मोजणी अवश्य करून घ्यावी. पातळ भिंत उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाला टेकला असता, वाकते, तापते आणि शेवटी चिरते. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मोठ्या पिस्टनचे जे अखेरचे माप दिले असेल ती लक्ष्मणरेषा समजावी. ती ओलांडण्याची वेळ आलीच, तर सिलिंडर आणखी रुंद करण्याऐवजी त्यात बिडाचे अस्तर, म्हणजे लायनर, बसवून मूळ मापावर परत यावे. म्हणजे क्षमता पुन्हा १४८९, परंतु ब्लॉकला नवे आयुष्य.

आता खर्चाचा हिशेब. दर गावोगाव आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून मी रुपये सांगत नाही, क्रम सांगतो. ज्या गोष्टींत काटकसर करू नये त्या अशा. पिस्टन आणि रिंगा एकाच चांगल्या बनावटीच्या, चारही एकाच मापाच्या घ्याव्या, आणि चारही पिस्टन तराजूत घालून वजन सारखे आहे ना ते पाहावे. पिस्टन आधी हातात घ्यावे आणि मगच सिलिंडर त्यांच्या मापाने कोरावे. आधी कोरून मागाहून पिस्टन शोधू नयेत. कोरल्यावर होनिंग, म्हणजे सिलिंडरच्या अंगावर आडवेतिडवे बारीक चरे पाडण्याचे काम, चांगल्या वर्कशॉपकडूनच करून घ्यावे; त्या चऱ्यांतच तेल टिकते आणि रिंगा बसतात. इंजिन उतरलेलेच आहे तेव्हा क्रँकशाफ्ट मोजून घ्यावा आणि बेअरिंगे बदलावी. पुन्हा इंजिन उतरविण्याची मजुरी बेअरिंगांच्या किमतीपेक्षा जड जाते. कोरल्यानंतर ब्लॉकमधील तेलाच्या वाटा धुऊन, हवेने फुंकून स्वच्छ कराव्या. एक लोखंडी कण नव्या बेअरिंगचा घास घेतो.

काटकसर करण्याजोगी ठिकाणेही आहेत. कार्ब्युरेटर मोठा घेऊ नये. सव्वाचार टक्क्यांसाठी जुनाच, नीट साफ करून आणि जेट तपासून, पुरेसा आहे. शर्यतीचा कॅमशाफ्ट, रुंद धुरांडे, चकचकीत गाळणी ह्यांवर एक पैसाही घालू नये. हेड फार घासून दाब वाढविण्याचा मोहही टाळावा, कारण व्यास वाढल्याने दाबाचे प्रमाण आपोआपच थोडे वाढते. मूळ प्रमाण ७.२ धरले आणि हेडमधील जागा तेवढीच राहिली, तर ६० थाउला ते सुमारे ७.४६ होते. तेवढे आजच्या पेट्रोलला सहज पेलते.

आजच्या पेट्रोलविषयी मात्र दोन गोष्टी सांगावयास हव्यात. हे इंजिन आखले गेले तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि त्या शिशाचा लेप व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करी. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. प्रकृतीच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. परंतु जुन्या हेडच्या मऊ बैठकी त्यानंतर लवकर खचू लागल्या. म्हणून हेड उतरलेले असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींत कठीण धातूच्या कड्या बसवून घ्याव्या. दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा त्याने फुगतात, चिरतात. इंधनाच्या नळ्या बदलणे हा साऱ्या कामातील सर्वांत स्वस्त खर्च, आणि आगीचा धोका टाळणारा असल्यामुळे सर्वांत आवश्यक.

काम झाल्यावर पहिले हजारभर किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी. पूर्वी अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी लावीत, ती ज्येष्ठांना आठवत असेल. एकाच वेगाने लांब पळवू नये, चढावर वरच्या गियरमध्ये रेटू नये, आणि पहिले तेल लवकर, पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, बदलून टाकावे. रेडिएटर आतून साफ केला नाही, तर बाकीचे सारे काम व्यर्थ.

आता कोणी म्हणेल, “एवढ्याने माझे समाधान होत नाही, मला खरोखरच मोठे इंजिन हवे.” तर कारखानदारांनी अशा वेळी काय केले ते पाहावे. १९८४ च्या सुमारास हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा ही ऐसपैस गाडी काढली आणि तिला हेच १४८९ सी.सी.चे इंजिन दिले. गाडी जड, इंजिन तेवढेच. लोकांची कुरकुर झाली. तेव्हा कंपनी जुने इंजिन कोरीत बसली नाही; तिने जपानच्या इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन आणले. तेच पुढे १९९२ साली अ‍ॅम्बॅसडरलाही, पाच गियरच्या पेटीसह, मिळाले. आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियरनेही तेच केले. त्यांच्या फियाटचे इंजिन १०८९ सी.सी.चे, १९८५ साली ११८ एन.ई. ही गाडी काढताना त्यांनी निस्सानचे ११७१ सी.सी.चे इंजिन निवडले. तात्पर्य, ठरावीक मर्यादेपुढे जुने रुंद करण्यापेक्षा नवे बसविणे शहाणपणाचे, असा ज्यांचा हा धंदाच आहे त्यांचाही निर्णय.

परंतु कारखानदाराला जे मोकळे, ते गाडीमालकाला मोकळे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. झिजलेल्या सिलिंडरचा रीबोर ही व्यवहारात दुरुस्ती मानली जाते. ब्लॉक तोच, त्यावरील क्रमांक तोच. दुसऱ्या बनावटीचे मोठे इंजिन घालणे हा मात्र उघड फेरफार आहे. तसे करून अपघात झाला, तर विमा कंपनीपुढे उभे राहण्यास आपल्याजवळ कागद उरत नाही. विम्याचाही एक बारकावा पाहा. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर क्षमतेवर ठरतात आणि १५०० सी.सी. ही त्यातील एक सीमा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ह्या सीमेच्या आतील खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये होते आणि पलीकडील गाडीला ७,८९७. आपल्या १४८९ ला त्या सीमेपासून अवघे अकरा सी.सी.चे अंतर! कागदोपत्री क्षमता वाढवून घेण्याच्या भानगडीत पडणाऱ्याने हा भुर्दंड आधी मोजावा.

आता मंडळातील एका भगिनींच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या वडिलांनी मंडळाच्या स्थापनेच्याच वर्षी घेतलेली गाडी आता पन्नास वर्षांची होत आहे. वडील आता नाहीत. मुले म्हणतात, मोठे इंजिन टाकू आणि हिच्यातूनच सातारा जिल्ह्यातील गावी जाऊ. आईची इच्छा, गाडी जशी होती तशी राहावी. दोन्ही इच्छा रास्त आहेत, आणि दोहोंना एकच गाडी आहे.

येथे २०२१ सालचा नियम उपयोगी पडतो. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. परंतु अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा बदल झालेला नसावा. दुसरी अट अशी की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यांसाठीच काढता येते. म्हणजे मोठे इंजिन टाकले तर हा सन्मान जातो, आणि सन्मान घेतला तर गावाचा प्रवास जातो.

त्या भगिनींना माझे सांगणे असे. आज गाडीची साधी नोंदणी, दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणासह, चालू ठेवावी. राजधानीच्या परिसरात जुन्या गाड्यांचे नियम निराळे आहेत, तेव्हा तिकडे नेण्यापूर्वी चौकशी करावी. इंजिनाचा दाब मोजावा. गरज निघाली तर मूळ ब्लॉक ठेवून कमीत कमी थाउंचा रीबोर करावा, बिले आणि मापे एका वहीत जपून ठेवावी, आणि ह्या कामाची माहिती नोंदणी कार्यालयाला लेखी विचारून घ्यावी. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की तोंडी उत्तराला पान नसते आणि जावक क्रमांकही नसतो. मुलांनी गाडीतून एकदा नव्हे, चार वेळा गावी जाऊन यावे. घाटात दुसरा गियर टाकावा आणि मागून भोंगा वाजविणाऱ्याला पुढे जाऊ द्यावे. पुढे गाडीचे फिरणे थांबेल तेव्हा तिला व्हिंटेज म्हणून नोंदवावे. मोठे इंजिन घातले तर ही दुसरी वाट कायमची बंद होते. रीबोरने, ब्लॉक मूळचा असल्यामुळे, तिच्यासाठी आपली बाजू मांडता येते. तीन-चार टक्क्यांच्या जोरापेक्षा ही मोकळी वाट मला अधिक मोलाची वाटते.

अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. सुटे भाग अजून मिळतात, पण पूर्वीसारखे प्रत्येक वळणावरच्या दुकानात नाहीत. आणि ह्या इंजिनाची नाडी ओळखणारे मिस्त्रीही आता साठी-सत्तरीत आहेत. ज्यांना काम करून घ्यावयाचे आहे त्यांनी ते ह्या दोन-चार वर्षांत करून घ्यावे, आणि घरातल्या मुला-मुलीला त्या वेळी शेजारी उभे करावे. मापकावरचा आकडा त्यांनी स्वतः वाचावा, पिस्टन त्यांनी तराजूत घालावा. ज्या दोन-तीन घरी अशा गाड्या आहेत त्यांनी एकत्र येऊन पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट एकदम मागविली तर खर्चही हलका होईल. दाब मोजण्याचा एक मापक मंडळानेच घेऊन ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पुस्तकाप्रमाणेच तो सही करून न्यावा आणि वेळेवर परत करावा.

 ज्यांच्या काही शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी अवश्य विचाराव्या. येताना गाडीचे नोंदणीपुस्तक बरोबर आणावे, म्हणजे हिशेब कागदावरच करता येईल.